खुर्ची रिकामी झाली, हे सांगायचे कोणी? ट्युनिशियातील राष्ट्राध्यक्षपदाच्या हस्तांतराची गोष्ट

१४ जानेवारी २०११ च्या संध्याकाळी ट्युनिशियाच्या सरकारी दूरचित्रवाणीवर तीन वयस्क गृहस्थ शेजारी शेजारी उभे असलेले दिसले. त्यांत पंतप्रधान मोहम्मद घन्नुशी होते, संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष फुआद मेबाझा होते आणि वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष अब्दल्ला कल्लेल होते. तेवीस वर्षे देश आपल्या मुठीत ठेवणारे राष्ट्राध्यक्ष झैन अल-आबिदीन बेन अली त्याच दिवशी विमानाने सौदी अरेबियाकडे निघून गेले होते. घन्नुशींनी निवेदन वाचून दाखवले. त्याचा आशय असा होता की, राष्ट्राध्यक्ष आपली कर्तव्ये तात्पुरती पार पाडू शकत नसल्यामुळे राज्यघटनेच्या कलम ५६ नुसार त्यांचे अधिकार पंतप्रधान या नात्याने आपण हाती घेत आहोत.

दिवसभर रस्त्यावर घोषणा देऊन दमलेल्या लोकांना हुकूमशहा गेला एवढेच पुरेसे होते. पण राज्यघटना जाणणाऱ्यांच्या कानाला त्या निवेदनातला 'तात्पुरती' हा एक शब्द खटकला. कलम ५६ हे राष्ट्राध्यक्ष आजारी असतील किंवा काही दिवस कामकाज पाहू शकत नसतील अशा प्रसंगासाठी होते. त्यात राष्ट्राध्यक्षाने स्वतः हुकूम काढून आपले अधिकार पंतप्रधानांकडे सोपवायचे असतात आणि अडचण दूर झाली की ते परत घ्यायचे असतात. म्हणजे या हिशेबाने बेन अली अजूनही राष्ट्राध्यक्षच होते आणि हवापालट करून आल्यासारखे उद्या परत येऊन खुर्चीवर बसू शकत होते. शेजारचेच कलम ५७ मात्र पद कायमचे रिक्त झाल्यावर काय करायचे ते सांगत होते, आणि त्यानुसार सूत्रे पंतप्रधानांकडे नव्हे, तर कनिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षांकडे जायला हवी होती. रात्रभर हीच चर्चा चालली. दुसऱ्या दिवशी घटना परिषदेने पद कायमचे रिक्त झाल्याचे जाहीर केले, आणि आदल्या संध्याकाळी पडद्यावर नुसते बाजूला उभे असलेले मेबाझा हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले. घन्नुशींची राजवट एक दिवससुद्धा पुरती टिकली नाही.

एखाद्या देशात राष्ट्रप्रमुख कसा बदलतो, हे समजून घेताना आपण सहसा निवडणुकीकडे पाहतो. ट्युनिशियाची गंमत अशी की, प्रजासत्ताक झाल्यापासून पहिली पन्नासहून अधिक वर्षे तिथे निवडणुकीने राष्ट्राध्यक्ष बदललाच नाही. निवडणुका होत राहिल्या, पण माणूस बदलला तो प्रत्येक वेळी एखाद्या कलमाचा आधार घेऊन. म्हणून या देशात 'पुढचा कोण' या प्रश्नाइतकाच 'आताचा संपला, हे ठरवायचे कोणी' हा प्रश्न महत्त्वाचा ठरत आला आहे, आणि पुढचा सगळा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

बेची गादी जाते, प्रजासत्ताक येते

प्रजासत्ताकापूर्वी ट्युनिशियावर १७०५ पासून हुसैनी घराण्याचे राज्य होते. राज्यकर्त्याला 'बे' म्हणत. १८८१ मध्ये फ्रेंचांनी देश आपल्या संरक्षणाखाली घेतला तरी बेची गादी त्यांनी मोडली नाही. आपल्याकडच्या संस्थानांसारखीच ती नावाला शिल्लक राहिली. या घराण्यात गादी बापाकडून मुलाकडे जात नसे, तर घराण्यातील वयाने सर्वांत ज्येष्ठ पुरुषाकडे जाई. वारसाला 'बे अल-महल्ला', म्हणजे छावणीचा बे, ही पदवी असे, कारण करवसुलीसाठी देशाच्या आतल्या भागात फिरणाऱ्या लष्करी छावणीचे नेतृत्व त्याच्याकडे असायचे. या पद्धतीत वारस कोण यावरून भांडण फारसे उरत नव्हते, पण गादीवर येणारा बहुधा उतारवयाचा असे. म्हाताऱ्या राष्ट्रप्रमुखाचे करायचे काय, हा पुढे प्रजासत्ताकालाही सतावणारा प्रश्न असा जुनाच आहे.

२० मार्च १९५६ ला देश स्वतंत्र झाला. त्यानंतर सव्वा वर्षाने, २५ जुलै १९५७ रोजी, संविधान सभेने राजेशाही रद्द करून प्रजासत्ताकाची घोषणा केली. शेवटचे बे महंमद अल-अमीन पायउतार झाले आणि स्वातंत्र्यलढ्याचे नेते, तेव्हाचे पंतप्रधान हबीब बुर्गिबा राष्ट्राध्यक्ष झाले. २५ जुलै ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी. ती या कथेत पुन्हा पुन्हा येते, आणि दर वेळी योगायोगाने येते असे नाही.

१ जून १९५९ ला राज्यघटना लागू झाली. राष्ट्राध्यक्षाची मुदत पाच वर्षांची ठरली आणि लागोपाठ किती वेळा निवडून येता येईल यावर मर्यादाही घातली गेली. बुर्गिबा १९५९, १९६४, १९६९ आणि १९७४ मध्ये बिनविरोध निवडून आले. चौथ्या वेळेनंतर मर्यादा आडवी येणार होती. ती ओलांडण्यासाठी जो मार्ग काढला गेला तो मुद्दाम पाहण्यासारखा आहे. मर्यादा सरसकट उठवली गेली नाही. मार्च १९७५ मध्ये घटनेत अशी तरतूद घातली गेली की, बुर्गिबा यांनी देशाची जी थोर सेवा केली ती लक्षात घेऊन अपवाद म्हणून त्यांना तहहयात राष्ट्राध्यक्ष घोषित करण्यात येत आहे. एका जिवंत माणसाचे नाव घालून केलेले कलम हे कायद्याच्या दृष्टीने विचित्रच असते, कारण कायदा पदाविषयी बोलतो आणि असे कलम व्यक्तीविषयी.

आता तहहयात म्हटले की मरणाची व्यवस्था करावी लागते. ती कलम ५७ मध्ये केली गेली: राष्ट्राध्यक्षाचा मृत्यू झाला, त्याने राजीनामा दिला किंवा तो पूर्णपणे असमर्थ झाला, तर पंतप्रधान आपोआप राष्ट्राध्यक्ष होईल. पंतप्रधानाची नेमणूक मात्र राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीची. म्हणजे बुर्गिबा ज्याला पंतप्रधान करतील तोच वारस आणि ज्याला काढून टाकतील त्याचा वारसाहक्क त्याच क्षणी संपला. दत्तक घेण्याचा आणि दत्तक रद्द करण्याचाही अधिकार एकाच हाती असावा, तसा हा प्रकार होता. त्यामुळे ऐंशीच्या दशकात देशाचे सारे राजकारण पंतप्रधानपदाभोवती फिरू लागले. दहा वर्षे पंतप्रधान राहिलेले हेदी नुईरा १९८० मध्ये आजारपणामुळे बाजूला झाले. त्यांच्या जागी आलेले मोहम्मद म्झाली वारस म्हणून जवळजवळ ठरल्यासारखेच होते, पण जुलै १९८६ मध्ये त्यांना काढण्यात आले आणि थोड्याच दिवसांत त्यांना चोरून देश सोडावा लागला. मग रशीद स्फार आले, तेही सव्वा वर्षात गेले. २ ऑक्टोबर १९८७ ला बुर्गिबांनी गृहमंत्री बेन अली यांना पंतप्रधान केले. वारसाची निवड एवढ्या लहरीने चालली असताना, जो वारस थोडाही वेळ वाट पाहील तो आपली पाळी घालवून बसेल, हे बेन अलींना कळले नसते तरच नवल.

सात डॉक्टर आणि एक सही

कलम ५७ मध्ये 'पूर्ण असमर्थता' असा शब्द होता. पण राष्ट्राध्यक्ष असमर्थ झाला हे कोणी ठरवायचे, याची कोणतीही यंत्रणा त्या मजकुरात दिलेली नव्हती. मृत्यूला पुरावा लागत नाही, राजीनाम्यावर सही असते, असमर्थतेचे काय? बुर्गिबा तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. स्मृती दगा देत होती, सकाळी केलेली नेमणूक संध्याकाळी आठवेनाशी झाली होती अशी कुजबुज राजधानीत होती. पण त्याच वेळी इस्लामवादी नेत्यांवर पुन्हा खटला चालवून त्यांना फाशी द्यावी असा त्यांचा हट्टही चालू होता, आणि तो पुरा झाला असता तर देश पेटला असता.

६ आणि ७ नोव्हेंबर १९८७ च्या मधल्या रात्री सात डॉक्टरांना बोलावून घेण्यात आले. राष्ट्राध्यक्षांची प्रकृती पदाचे काम करण्यासारखी राहिलेली नाही, अशा अर्थाच्या अहवालावर त्यांनी सह्या केल्या. त्या रात्री त्यांच्यापैकी कोणीही रुग्णाला तपासले नव्हते. बुर्गिबा कार्थेजच्या प्रासादात झोपलेले होते. पहाटे बेन अलींनी रेडिओवरून निवेदन वाचले, त्यात या वैद्यकीय अहवालाचा आणि कलम ५७ चा उल्लेख केला, आणि पंतप्रधान या नात्याने आपण राष्ट्राध्यक्षपद व सेनेचे सरसेनापतिपद स्वीकारत असल्याचे सांगितले. त्याच निवेदनात त्यांनी असेही म्हटले की, या युगात तहहयात अध्यक्षपदाला जागा नाही आणि जनतेचा हात नसलेल्या आपोआप होणाऱ्या वारसाहक्कालाही नाही. ज्या शिडीवरून आपण नुकतेच वर चढलो ती ढकलून देण्याचे वचन माणसाने पहिल्याच भाषणात द्यावे, ही गोष्ट विनोदी खरी, पण त्या सकाळी लोकांना ती मनापासून आवडली.

रक्ताचा थेंब न सांडता झालेल्या या सत्तांतराला पुढे 'वैद्यकीय उठाव' असे नाव पडले. उठाव म्हणावा तर सगळे कलमात बसत होते, आणि कायदेशीर म्हणावे तर निर्णय घेणारा, लाभ घेणारा आणि डॉक्टरांना बोलावणारा एकच होता. बुर्गिबांना आधी राजधानीजवळ आणि नंतर त्यांच्या जन्मगावी, समुद्रकाठच्या मोनास्तिर इथे पहाऱ्यात ठेवण्यात आले. असमर्थ ठरवले गेलेले बुर्गिबा त्यानंतर बारा वर्षांहून अधिक काळ जगले आणि ६ एप्रिल २००० रोजी वारले. स्वतःच्या हयातीतच त्यांनी तिथे बांधून ठेवलेल्या, सोनेरी घुमटाच्या आणि दोन मिनारांच्या समाधीत त्यांचे दफन झाले.

बेन अलींचे वयाचे गणित

बेन अलींनी शब्द पाळला, निदान कागदावर. जुलै १९८८ मधल्या घटनादुरुस्तीने तहहयात अध्यक्षपद रद्द झाले, एका व्यक्तीला जास्तीत जास्त तीन मुदतींची मर्यादा आली आणि उमेदवाराचे वय सत्तरहून अधिक नसावे असे ठरले. कलम ५७ ही बदलले. पद रिक्त झाल्यास आता संसदेचा (पुढे दोन सभागृहे झाल्यावर कनिष्ठ सभागृहाचा) अध्यक्ष ४५ ते ६० दिवसांसाठी हंगामी राष्ट्राध्यक्ष होणार होता, त्या काळात निवडणूक घ्यायची होती, आणि या हंगामी माणसाला स्वतः ती लढवता येणार नव्हती. ही शेवटची अट कळीची आहे. खुर्ची राखायला बसवलेल्याला खुर्ची बळकावता येऊ नये, हा तिचा हेतू. पण तिचा दुसरा परिणाम असा की, राष्ट्राध्यक्षाच्या जवळचा कोणीही अधिकृत वारस उरत नाही, आणि वारसच नाही म्हटल्यावर घाई करणारा वारसही नाही. १९८७ ची युक्ती आपल्यावर कोणी उलटवू नये, याची तजवीज बेन अलींनी लोकशाहीच्या भाषेत करून ठेवली, असे मला वाटते.

पुढे आकडे बोलतात. १९८९ मध्ये त्यांना ९९ टक्क्यांहून अधिक मते मिळाली, १९९४ मध्येही तेवढीच आणि १९९९ मध्येही. तीन मुदती संपत आल्या तेव्हा २००२ मध्ये सार्वमत घेऊन मुदतींची मर्यादा काढून टाकण्यात आली आणि वयाची अट सत्तरवरून पंचाहत्तर करण्यात आली. बेन अली १९३६ चे. २००४ मध्ये ते अडुसष्ट वर्षांचे होते, २००९ मध्ये त्र्याहत्तरचे, त्यामुळे दोन्ही वेळा अट आड आली नाही. २०१४ मध्ये मात्र ते अठ्ठ्याहत्तरचे होणार होते. म्हणजे आता एक तर पुन्हा घटना बदला किंवा वारस शोधा. त्यामुळे २००९ नंतर राजधानी ट्युनिसमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लैला त्राबेल्सी आणि जावई सखर अल-मातेरी यांची नावे दबक्या आवाजात घेतली जाऊ लागली.

हे बोलणे केवळ ट्युनिशियात होत नव्हते. जून २००० मध्ये सीरियाचे राष्ट्राध्यक्ष हाफेज अल-असद वारले, त्याच दिवशी तिथल्या संसदेने राष्ट्राध्यक्षाचे किमान वय चाळीसवरून चौतीसवर आणले, कारण त्यांचे चिरंजीव बशर तेव्हा चौतीस वर्षांचे होते. इजिप्तमध्ये होस्नी मुबारक यांच्या मुलाचे, गमालचे, नाव घेतले जात होते. अरबी भाषेत प्रजासत्ताकाला 'जुम्हूरिया' आणि राजेशाहीला 'मलकिया' म्हणतात. एका इजिप्शियन विचारवंताने या दोन शब्दांची मोट बांधून 'जुमलूकिया' असा शब्द केला आणि तो अरब जगात चटकन रुजला. बुर्गिबा आणि बेन अली यांनी मुलाला गादीवर बसवले नाही, एवढ्यापुरता ट्युनिशिया या शब्दाबाहेर राहिला.

पुन्हा ती संध्याकाळ

डिसेंबर २०१० मध्ये सिदी बूझिद या गावी मोहम्मद बुअझीझी या तरुण फेरीवाल्याने, जप्त झालेल्या मालाची दाद लागेना म्हणून, स्वतःला पेटवून घेतले आणि चार आठवड्यांत बेन अलींची राजवट कोसळली. १४ जानेवारीला ते गेले तेव्हा त्यांनी राजीनामा दिला नव्हता आणि अधिकार सोपवल्याचा हुकूमही काढला नव्हता. प्रासाद रिकामा होता. राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षादलातील एका कर्नलने पंतप्रधानांना व दोन्ही सभागृहांच्या अध्यक्षांना फोन करून तिथे बोलावून घेतले, असे नंतर उघड झाले. कलम ५७ नुसार मेबाझांनी सूत्रे घ्यायला हवी होती, पण सत्त्याहत्तर वर्षांचे मेबाझा प्रकृतीच्या कारणाने कचरत होते, आणि त्यातून कलम ५६ चा आडमार्ग निघाला.

दुसऱ्या दिवशी चूक सुधारली, तरी पेच संपला नव्हता. हंगामी राष्ट्राध्यक्षाची कमाल मुदत साठ दिवस, म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत. तेवढ्यात निवडणूक घेणे अशक्य होते, कारण मतदारयाद्या, निवडणूक कायदा, पक्ष, सारे काही जुन्या राजवटीने घडवलेले होते. मुदत संपण्याच्या सुमारास मेबाझांनी जाहीर केले की, नवी संविधान सभा निवडून येईपर्यंत आपण पदावर राहू. त्यानंतर १९५९ ची घटना बाजूला ठेवली गेली. म्हणजे जानेवारीत ज्या कलमाने त्यांना पद दिले, मार्चमध्ये त्याच कलमाची मुदत ओलांडून ते पदावर राहिले, आणि कोणी तक्रार केली नाही, कारण तेव्हा कलमापेक्षा सर्वांची संमती मोठी होती. ऑक्टोबर २०११ मध्ये संविधान सभा निवडून आली आणि डिसेंबरमध्ये तिने मानवी हक्कांचे जुने कार्यकर्ते मोन्सेफ मरझुकी यांना राष्ट्राध्यक्ष निवडले.

जानेवारी २०१४ मध्ये नवी घटना मंजूर झाली. २१७ सदस्यांच्या सभेत तिच्या बाजूने २०० मते पडली. राष्ट्राध्यक्षपद रिक्त होण्याविषयी तिच्यातले कलम ८४ आधीच्या साऱ्या फसगती समोर ठेवून लिहिल्यासारखे आहे. तात्पुरती अडचण असेल तर पंतप्रधान, तेही जास्तीत जास्त साठ दिवस. कायमची असेल तर संसदेचा अध्यक्ष, ४५ ते ९० दिवस. आणि अडचण तात्पुरती की कायमची, हे जाहीर करण्याचा अधिकार पंतप्रधानाकडे नाही, डॉक्टरांकडे नाही, तर नव्याने स्थापन व्हायच्या घटनात्मक न्यायालयाकडे. १९८७ आणि २०११ या दोन्ही प्रसंगी राहून गेलेला पंच इथे अखेर नेमला गेला.

नेमला गेला, पण फक्त कागदावर. न्यायालयात बारा न्यायाधीश असणार होते: चार राष्ट्राध्यक्ष नेमणार, चार संसद निवडणार आणि चार न्यायमंडळ. संसदेच्या चौघांना दोन तृतीयांश, म्हणजे १४५ मते मिळणे आवश्यक होते. पक्षापक्षांचे एकमत होईना. कितीतरी फेऱ्या झाल्यावर एकाच नावाला तेवढी मते मिळाली. उरलेली नावे अडकली ती अडकलीच, आणि त्यांच्यामागे राष्ट्राध्यक्षांच्या वाट्याची चार नावेही.

नव्वद दिवस

डिसेंबर २०१४ च्या निवडणुकीत बेजी कायद एसेब्सी यांनी मरझुकींना हरवले. मतपेटीने खुर्चीवरचा माणूस बदलण्याची ही या प्रजासत्ताकातली पहिली वेळ. एसेब्सी अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. २७ जून २०१९ रोजी ते अत्यवस्थ होऊन लष्करी रुग्णालयात दाखल झाले, आणि त्याच दिवशी ट्युनिसमध्ये दोन आत्मघाती स्फोट झाले. पद रिक्त झाल्यास ज्यांच्याकडे यायचे ते संसदेचे अध्यक्ष मोहम्मद एन्नासर हेही आजारी होते आणि त्या दिवशी संसदेत नव्हते. ज्या न्यायालयाने रिक्तता जाहीर करायची ते अस्तित्वातच नव्हते. त्या एका दुपारी ट्युनिशियात राष्ट्राध्यक्ष आहे की नाही, हे सांगण्याचा निर्विवाद अधिकार कोणाकडेच नव्हता. एसेब्सी चार दिवसांनी बरे होऊन घरी आले आणि वेळ टळली.

पण महिनाभरासाठीच. २५ जुलैला, प्रजासत्ताकदिनीच, एसेब्सी वारले. मृत्यूबद्दल वाद नसल्यामुळे न्यायालयाची उणीव भासली नाही, आणि पंचाऐंशी वर्षांच्या एन्नासर यांनी काही तासांत शपथ घेतली. आता नव्वद दिवसांच्या आत नवा राष्ट्राध्यक्ष पदावर बसायला हवा होता. नोव्हेंबरमध्ये ठरलेली निवडणूक निवडणूक आयोगाने १५ सप्टेंबरला आणली. दुसरी फेरी १३ ऑक्टोबरला झाली. आता दिवस मोजून पाहा: २५ जुलैपासून नव्वदावा दिवस येतो २३ ऑक्टोबरला, आणि बरोबर २३ ऑक्टोबर २०१९ रोजीच नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथ घेतली. एवढ्या घड्याळी शिस्तीचे सत्तांतर अरब प्रजासत्ताकांत विरळाच दिसते, आणि ट्युनिशियाच्या लोकांना त्या वर्षी त्याचा अभिमान वाटला तो योग्यच होता.

शपथ घेणारे होते कैस सईद, घटनात्मक कायदा शिकवण्यात हयात घालवलेले प्राध्यापक. कोणत्याही पक्षाचे नसलेल्या या उमेदवाराला दुसऱ्या फेरीत ७२ टक्क्यांहून अधिक मते मिळाली होती.

प्राध्यापकांनी लिहिलेली घटना

सईदांनी २५ जुलै २०२१ रोजी, पुन्हा तीच तारीख, कलम ८० मधील आणीबाणीचे अधिकार वापरून पंतप्रधानांना काढले आणि संसद गोठवली. अशी परिस्थिती तीस दिवसांनंतरही चालू ठेवावी की नाही, हे त्या कलमाप्रमाणे घटनात्मक न्यायालयाकडे विचारता येत होते. पण विचारायचे कोणाला? २०१४ नंतर पक्षांनी आपसातल्या कुरबुरींत जे न्यायालय होऊ दिले नाही, त्याची किंमत त्याच पक्षांना अशी चुकवावी लागली. पुढच्या वर्षी संसद बरखास्त झाली, आणि २५ जुलै २०२२ ला सार्वमत घेऊन नवी घटना आली. तिच्या बाजूने ९४ टक्क्यांहून अधिक मते पडली, मात्र मतदान जेमतेम ३० टक्के झाले.

या नव्या घटनेत रिक्त पदाची व्यवस्था पुन्हा बदलली. पंतप्रधान नाही, संसदेचा अध्यक्षही नाही. आता घटनात्मक न्यायालयाचा अध्यक्ष ४५ ते ९० दिवसांसाठी हंगामी राष्ट्राध्यक्ष होतो. मराठी वाचकाला यात फार अनोळखी काही वाटायला नको. १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी निवडणूक लढवण्यासाठी पद सोडले, तेव्हा सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी महिनाभर राष्ट्रपतीचे काम पाहिले होते, आणि हे हिदायतुल्ला पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. फरक इतकाच की, आपल्याकडे सर्वोच्च न्यायालय होते म्हणून सरन्यायाधीश होता. ट्युनिशियात नव्या घटनेने न्यायालयाची रचना सोपी केली, नऊ ज्येष्ठ न्यायाधीश सेवाज्येष्ठतेने येतील असे ठरवले, संसदेतली मतांची अडवणूक काढून टाकली. आणि तरीही २०२४ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीपर्यंत ते स्थापन झालेले नव्हते. त्या निवडणुकीत बाद ठरवलेल्या तीन उमेदवारांना परत घ्यायला प्रशासकीय न्यायालयाने सांगितले होते. निवडणूक आयोगाने ऐकले नाही, आणि मतदानाला थोडे दिवस उरले असताना संसदेने निवडणुकीचे वाद त्या न्यायालयाच्या कक्षेतूनच काढून घेतले. सईद ९० टक्क्यांहून अधिक मतांनी निवडून आले. मतदान २९ टक्क्यांच्याही आत होते.

या व्यवस्थेतली फट २०२३ च्या वसंतात एकदा सर्वांना दिसून गेली होती. २२ मार्चनंतर सईद कुठेच दिसेनात. भेटीगाठी नाहीत, चित्रफिती नाहीत, त्यांच्या कार्यालयाकडून खुलासा नाही. आठवडा उलटला तशी विरोधकांनी जाहीरपणे विचारणा सुरू केली की, राष्ट्राध्यक्ष आजारी आहेत का, आणि असतील तर पदाची सूत्रे कोणाकडे जातात. घटना उघडून पाहिली तर उत्तर छापलेले होते: घटनात्मक न्यायालयाच्या अध्यक्षाकडे. त्या पदावर कोणीही नव्हते. ३ एप्रिलला सईद पडद्यावर आले आणि पद रिक्त झाल्याची चर्चा करणाऱ्यांवर संतापले. तीन दिवसांनी, ६ एप्रिलला, ते मोनास्तिरला गेले. बुर्गिबांची ती पुण्यतिथी होती, आणि प्रथेप्रमाणे ते त्या सोनेरी घुमटाखालच्या समाधीपाशी जाऊन आले.